गावित बहिणींची फाशी रद्द झाली, हा न्याय म्हणावा काय?

राजवाड्याजवळचा रहिवासी (धागा सुरू करणारे)
माझे आजोळ कोल्हापूरचे. १९९६ च्या अखेरीस तिकडून इंदूरला येणाऱ्या प्रत्येक पत्रात एक वाक्य हमखास असे : बाजारात मुलाचा हात सोडू नका. अंजना गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित या तिघी १९९० पासून गर्दीच्या ठिकाणांहून लहान मुले पळवीत होत्या. कडेवर मूल असलेल्या बाईवर कोणी चोरीचा संशय घेत नाही आणि पकडली गेलीच तर मुलाकडे पाहून लोक तिला सोडून देतात, हा त्यांचा हिशेब होता. मूल नकोसे झाले की त्याला मारले जाई. एकदा चोरी उघडकीस आली, तेव्हा जमावाचे लक्ष वळवण्यासाठी कडेवरचे मूलच जमिनीवर आपटण्यात आले. अंजना खटला उभा राहण्यापूर्वीच तुरुंगात मरण पावली. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली, ती उच्च न्यायालयाने २००४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली, आणि राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. एवढे झाल्यावर १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, दयेच्या अर्जाला उशीर झाला म्हणून, शिक्षा जन्मठेपेवर आणली. कचेरीत कागद पडून राहिला याचे फळ मारेकऱ्यांच्या पदरात का पडावे?

तुकोगंजचे निवृत्त वकील
आपला संताप मी समजू शकतो, परंतु प्रश्न उलटा मांडला गेला आहे. या अर्जांवर निर्णय होण्यास ७ वर्षे, १० महिने आणि १५ दिवस लागले, आणि त्याचे पटणारे कारण सरकारला देता आले नाही. असा अवाजवी उशीर हे फाशी रद्द करण्याचे कारण ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान खटल्यात २१ जानेवारी २०१४ रोजीच सांगितले होते. न्यायालयाने फाशी दिली होती; फाशी आणि वर आठ वर्षे रोज सकाळी दोराची वाट पाहणे, असे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नसते. शिवाय २०२२ च्या निकालाने गुन्ह्याचे गांभीर्य तसूभरही कमी केले नाही आणि सुटकेची मागणीही मान्य केली नाही.

एक आई, लोकमान्यनगर
वकीलसाहेब, वाट पाहण्याच्या यातना आपण फार चांगल्या सांगितल्या. मात्र ज्या आईचे मूल बसस्थानकावरून गेले आणि ज्याचे पुढे काय झाले हे तिला कित्येक वर्षांनी पोलिसांकडून कळले, तिची वाट पाहणे कोणत्या खटल्यात मोजले गेले? आपल्याच शहराच्या अहिल्याबाईंनी मुलाच्या रथाखाली वासरू मेले म्हणून त्या पोटच्या मुलालाच रथाखाली घालण्याची आज्ञा दिली, असे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मग येथेच हात का थरथरावा?

जुन्या इंदूरचा वाचक
ताई, ती आख्यायिका आहे, इतिहास नव्हे, हे बाजूला ठेवू. पण ती अर्धीच का सांगायची? रथ हाकायला कोणी धजेना, तेव्हा अहिल्याबाई स्वतः बसल्या, आणि जिचे वासरू गेले होते तीच गाय वारंवार रथासमोर आडवी आली. म्हणून तर इंदूरच्या त्या बाजाराचे नाव आडा बाजार.

एक आई, लोकमान्यनगर
बरोबर, गाय आडवी आली. येथे आडवी आली ती फाईल. दुखावलेल्या आईने क्षमा करणे आणि कारकुनाने कागद दाबून ठेवणे यांना आपण एकाच तराजूत घालता, हे मला पटत नाही.

राजवाड्याजवळचा रहिवासी
ताईंनी माझ्या मनातले माझ्यापेक्षा नेमके सांगितले. आणखी एक खटकणारी गोष्ट म्हणजे रेणुकेचा नवरा माफीचा साक्षीदार होऊन सुटला.

तुकोगंजचे निवृत्त वकील
तो साक्षीदार झाला नसता तर सहा वर्षांत घडलेल्या, अनेक शहरांत विखुरलेल्या घटनांची साखळी जोडणे महाकठीण होते. खटला १३ अपहरणांचा होता. त्यातही सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकले ते ५ खून. हा सौदा कडू आहे, तरी मी तो केला असता. फाईलबद्दल मात्र ताईंचे म्हणणे मी मान्य करतो. दोघी स्त्रिया आहेत, यापलीकडे शिक्षा सौम्य करण्याजोगे काही दिसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच नोंदवले होते. त्यामुळे दयेचा विचार करायला आठ वर्षे लागावीत असे त्या कागदात काही नव्हते. आणि २०१४ मध्ये उच्च न्यायालयात गेलेली याचिका निकाली निघायला २०२२ उजाडले, हेही सांगितले पाहिजे. तो उशीर तर आमच्याच पेशाच्या अंगणातला.

एक आई, लोकमान्यनगर
मग उद्या शिक्षेत सूट मागणारा अर्ज आला तर?

तुकोगंजचे निवृत्त वकील
त्याला विरोध करणारा अर्ज मी लिहून देईन, फी न घेता. पण निर्णय महिन्याभरात लागावा, एवढी विनंतीही त्यातच करीन.