शांघायचे जुने सिनेमे शहराला शिव्या घालतात म्हणे!

निशाचर: कालच्या धाग्यात कुणीतरी ठोकून दिलंय, '१९३०च्या दशकातले चिनी सिनेमे म्हणजे शहर वाईट, एवढंच कीर्तन.' 'क्रॉसरोड्स' (१९३७) पाहिलात? एका खोलीच्या दोन केलेल्या, मधे फळ्यांची भिंत. तो रात्री वर्तमानपत्रात प्रुफं तपासतो, ती दिवसा गिरणीत. एकमेकांचं तोंडही न बघता कडाक्याचं भांडण! ह्याचे ओले कपडे तिच्या अंथरुणावर गळतात, तिने खिळा ठोकला की ह्याच्या तसबिरी खाली. ह्यात कीर्तन कुठाय?

खडूस काका: ते मीच लिहिलंय. एका सिनेमाने दशक ठरत नाही. 'द गॉडेस' (१९३४) घ्या. त्यातली नायिका (नटी रुआन लिंग्यू) पोराच्या शाळेसाठी रात्री रस्त्यावर उभी राहते. भिंतीतल्या भोकात पैसे लपवते, गुंड तेही उचलतो. शेवट तुरुंगात. वर निऑनचे दिवे झगमगतायत.

मीठभाकर: पोराला शाळेतून काढायला लावतात ते इतर पालक. आणि त्याच्यासाठी राजीनामा देणारा मुख्याध्यापक काय खेड्यातून आला होता?

पोटभाडेकरू: फळ्यांच्या भिंतीवरून आठवलं. दादरला पेइंग गेस्ट होतो तेव्हा मधे प्लायवूड. पलीकडचा पहाटे तीनला घोरायचा, मी चप्पल हाणायचो. दीड वर्षात त्याचा चेहरा पाहिला नाही, पण खोकला आजही ओळखेन.

अर्धा कप: प्लायवूड? चैन आहे! आमच्याकडे पडदा होता. आणि डिपॉझिट आजतागायत मिळालेलं नाही.

पोटभाडेकरू: डिपॉझिटचं नावच काढू नका, बीपी वाढतं.

खडूस काका: इथे शांघाय चाललंय. रडगाण्यांना वेगळा धागा काढा.

अर्धा कप: स्वतःच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्यांना हे रडगाणंच वाटणार. त्या सिनेमातलं अर्धं शांघाय भाड्याच्याच खोलीत राहतंय, काका.

निशाचर: 'स्ट्रीट एंजल'ची (१९३७) सुरुवात आठवा. आधी दिवे, उंच इमारती, मग कॅमेरा इमारतीवरून खाली खाली उतरत थेट तळाच्या वस्तीत. राग शहरावर नाही, वर कोण आणि खाली कोण ह्यावर आहे. आणि 'क्रॉसरोड्स'च्या शेवटी नोकऱ्या गेलेले चौघं हातात हात घालून शांघायच्याच रस्त्याने निघतात. गावची गाडी धरत नाहीत.

खडूस काका: बरं बाबा, 'क्रॉसरोड्स' तुमचा. 'द गॉडेस' माझाच.

पोटभाडेकरू: अर्धा कप, पडद्याला भाडं किती होतं?