बागेच्या पाण्याची चावी कुणाकडे? (अनुभव धागा)

सुतळी

आमच्या कॉलनीतल्या बागेत नळ आहे. नळाला पाणीही आहे. पण व्हॉल्व्ह जमिनीखालच्या चेंबरमध्ये, चेंबरवर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप आणि चावी वॉचमनकडे. वॉचमन बदलला की चावीही जाते. चार वर्षांत तीन वॉचमन झाले. एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही सातजण बादल्या घेऊन उभे आणि समोर रोपं माना टाकून. शेवटी समोरच्या बिल्डिंगच्या टाकीतून पाणी आणलं. त्यांच्या सेक्रेटरींनी पुढच्या मीटिंगमध्ये तो विषय काढला, ते वेगळंच.

म्हणून हा धागा. तुमच्या भागातल्या बागेत, मैदानात, टेकडीवर तुम्ही हौसेने काही काम करत असाल तर लिहा. वृक्षारोपणाचे फोटो सगळ्यांकडे असतात, ते नकोत. जे फसलं, ज्यावरून भांडण झालं, जे सहज जमून गेलं, ते हवंय. नगरसेवक, अधिकारी, ठेकेदार यांची नावं मात्र घेऊ नका.

सुरुवात मीच करतो. पहिल्या उन्हाळ्यात कुणीतरी मडक्यांची युक्ती सुचवली. रोपाशेजारी मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, डास होऊ नयेत म्हणून वर खापरी ठेवायची. मडकं पाझरतं आणि मुळांना ओल मिळते. ग्रुपवर आवाहन केलं, ‘जुने माठ द्या.’ तेवीस आले. पुरले, भरले. चार दिवसांनी बघतो तर रोपं वाळायला लागलेली आणि माठ काठोकाठ! मग बागेत फिरायला येणाऱ्या एक आजी म्हणाल्या, “अरे, लोक माठ टाकतात कधी? पाणी गार होईनासं झालं की. म्हणजे पाझरेनासा झाला की.” क्षारांनी छिद्रं बुजलेली असतात, हे आमच्यातल्या दोन इंजिनियरांना सुचलं नव्हतं. सगळे उकरून काढले, बुडाला खिळ्याने भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घातली. भोक पाडताना सहा फुटले. उरलेले सतरा अजून चालतात.

आणि एक चूक, जी अजून निस्तरलेली नाही. गेटाजवळ फुलांचा वाफा करायचा म्हणून इस्त्रीवाल्याची गाडी आम्ही चार फूट बाजूला घेतली. तो काही बोलला नाही. कडुनिंबाची सावली त्याच चार फुटांत संपते, हे आमच्या लक्षात आलं मे महिन्यात. तोवर वाफा बहरला होता, लोक त्याच्यासमोर सेल्फी काढत होते. तेव्हापासून तो आमच्याशी कपड्यांपुरतंच बोलतो.

कोरांटी

आमच्याकडे फेब्रुवारी-मार्च म्हणजे पानगळ आणि धूर. बागेच्या कोपऱ्यात ढीग लावून पेटवून द्यायचे. माझ्या मुलीला दमा आहे, त्यामुळे मी पहिल्याच दिवशी तावातावाने गेले. घनकचरा नियमांत उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे वगैरे झाडूवाल्या मावशींना सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही म्हणता ठेवा. गाडी पंधरा दिवस येत नाही. साहेब आले आणि ढीग दिसला की बोलणी मला बसतात.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग आम्ही तिघींनी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी आणून चार फूट व्यासाचे दोन पिंजरे केले. पानं ओली करून दाबून भरायची, मध्ये मध्ये शेणकाला. पहिल्या वर्षी होळीला भरलेला पिंजरा दिवाळीपर्यंत जसाच्या तसा, कारण आम्ही वरून पाणी मारायचो आणि आतला गाभा कोरडा ठणठणीत. आता थर लावतानाच प्रत्येक थर भिजवतो आणि महिन्यातून एकदा काठीने खालवर करतो. वर्षावृक्षाची बारीक पानं भराभर कुजतात. बदामाची चिवट, ती आधी पायाने तुडवून चुरावी लागतात. हे काम शाळेतली मुलं फुकट आणि आनंदाने करतात!

धूर थांबला तो मात्र पिंजऱ्याने नाही, असं माझं मत आहे. मावशींच्या मुकादमाला आम्ही भेटलो आणि ‘हा ढीग आमचा, बोलायचं तर आम्हाला बोला’ असं कागदावर लिहून दिलं, तेव्हा थांबला. शेजारच्या वॉर्डातल्या बागेत अजून जाळतात.

टेकडीवाला

मी पुण्याचा. बाग नाही, टेकडी. आमचा शत्रू गाजर गवत. देशात या तणाची पहिली नोंद झाली ती पुण्यातच, १९५५ च्या सुमारास, असं वनस्पतीशास्त्राची मंडळी सांगतात. पुणेकरांनी यावर अभिमान बाळगावा की नाही हे ठरलेलं नाही. १९८४ मध्ये मेक्सिकोहून आणलेले भुंगे त्याच्यावर सोडले होते. पावसाळ्यात पानांवर दिसतात, पिवळट पाठीवर काळ्या रेघा. पानं चाळणीसारखी करतात, पण आमच्या टेकडीवर गवत अजूनही त्यांना पुरून उरतं.

उपटायचं ते जुलैत, जमीन मऊ असताना, मुळासकट आणि फुलं धरायच्या आधी. फुलावर आल्यावर उपटायला गेलात तर परागांची बाधा होते. मी पहिल्या वर्षी हातमोजे न घालता अख्खी सकाळ उपटलं. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजून लाल. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, “माळीकाम करता का?” बायको म्हणाली, “छे हो, समाजकार्य.”

पण खरी फजिती पुढे आहे. एका रविवारी आम्ही जोशात एक अख्खा उतार ‘साफ’ केला. गवतासारखी लांब पाती होती, दणादण उपटली. वर चहा घेऊन आलेल्या आमच्यातल्याच एका मित्राच्या आई, मूळच्या कोकणातल्या. ढीग बघून मटकन खाली बसल्या. “अरे मेल्यांनो, ही फोडशी! ही भाजी करून खातात.” पावसाळ्यात दहा-पंधरा दिवस मिळणारी रानभाजी आम्ही कचरा म्हणून पोत्यात भरली होती. काकूंनी ढिगातली कोवळी पाती निवडून घरी नेली आणि चण्याची डाळ घालून भाजी करून आम्हालाच वाढली. तेव्हापासून नियम केलाय. ज्याचं नाव सांगता येत नाही, ते उपटायचं नाही.

लोकलकर

आमच्याकडे भांडण झाडांवरून नाही, बाकांवरून झालं. ज्येष्ठ नागरिक संघाला बाक सावलीत हवेत, क्रिकेटवाल्यांना बाकच नकोत आणि काही मंडळींचा आग्रह की बाक उजेडात आणि गेटासमोर हवेत, म्हणजे ‘जोडपी बसणार नाहीत’. दीड वर्ष चर्चा. आम्ही रंगवलेले बाक तोवर एका सभासदाच्या गॅरेजमध्ये होते. शेवटी गणपतीच्या मांडवात पाहुण्यांना बसायला म्हणून बाहेर काढले आणि मांडव उतरल्यावर जिथे होते तिथेच राहिले. आता सगळे बसतात, जोडपीसुद्धा.

पावसाळी

परदेशातला अनुभव चालेल ना? मी सिएटलला असते. इथे शहरातल्या उद्यानांमधलं अडीच हजार एकर जंगल पुन्हा मार्गी लावायचा मोठा उपक्रम आहे आणि त्यातलं बरंचसं काम स्वयंसेवक करतात. शनिवारी सकाळी जायचं, जबाबदारीच्या कागदावर सही करायची, हातमोजे आणि फावडं तेच देतात.

आमच्या वाट्याला येतात दोन तणं, आयव्हीची वेल आणि हिमालयन ब्लॅकबेरी. पहिल्या दिवशी हे नाव ऐकून मला उगाच अपराधी वाटलं, आपल्याकडचं काहीतरी इथे येऊन माजलंय म्हणून. नंतर कळलं की ते मूळचं आर्मेनियाकडचं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या एका रोपवाटिकावाल्याने ‘हिमालय’ नावाने विकलं आणि नाव चिकटलं. काटे आपल्या करवंदीच्या जाळीला लाजवतील असे. वरून कापून काही होत नाही. जमिनीत मुठीएवढा गड्डा असतो, तो खणून काढला तरच सुटका. एका गड्ड्याला मला वीस मिनिटं लागतात. शेजारी सत्तरीच्या एक बाई पाच मिनिटांत काढतात. त्या माझ्याकडे बघून काही म्हणत नाहीत, पण चहाच्या सुट्टीत मला जास्तीचं बिस्किट देतात.

आयव्ही झाडावर चढली असेल तर ती वरून ओढायची नाही, वाळकी फांदी डोक्यात पडते. छातीच्या उंचीला बुंध्याभोवती वेल गोल कापायची, खालची बुंध्यापासून काही फूट उपटून काढायची आणि वरची तशीच वाळू द्यायची.

आणि लावणी इथे पावसाळ्यात नाही, म्हणजे आपल्या पावसाळ्यात नाही. इथला उन्हाळा कोरडा असतो. म्हणून रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर लावतात, हिवाळाभर रिपरिप पावसात मुळं धरतात. आईला फोनवर सांगितलं की मी दिवाळीत झाडं लावतेय, तर म्हणाली, “पाणी कोण घालणार?”

छिन्नी

आमची बाग कुणीतरी निधीतून ‘सुशोभित’ केली. म्हणजे गवत काढून पेव्हर ब्लॉक आणि झाडांच्या बुंध्याला थेट सिमेंट भिडवलेलं. एका जुन्या कडुनिंबाचं खोड जाड होत गेलं आणि सिमेंटची कड सालीत रुतायला लागली. बोट घालायला जागा नव्हती.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी आदेश दिला होता की झाडाभोवती एक मीटरपर्यंत काँक्रीट नको. तो कागद घेऊन आम्ही अर्ज केला. उत्तर आलं नाही, पण ‘नको’ असंही कुणी म्हटलं नाही. मग रविवारी छिन्नी-हातोडा. ब्लॉक पटापट निघतात, खालचा काँक्रीटचा थर निघत नाही. मुळं कुठे आहेत ते दिसत नसल्यामुळे घाव हलके घालावे लागतात. एका झाडाला तीन रविवार गेले. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा खाली पांढरट, कागदासारखी कोरडी माती होती, गांडूळ सोडा, मुंगीसुद्धा नाही. दोन बादल्या ओतल्या, पाणी आधी वरच तरंगत राहिलं आणि मग अचानक ‘गुडुक’ करून आत गेलं. आम्ही पाच मोठी माणसं त्या खड्ड्यात वाकून तो आवाज ऐकत होतो. अकरा झाडं झाली, नऊ बाकी आहेत.

जाता जाता एक सूचना. फांदी धोकादायक वाटली तरी स्वतः कापू नका. १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. आमच्या एका उत्साही सभासदाला नोटीस आली आणि पुढचे तीन महिने आमचे रविवार खुलासे लिहिण्यात गेले.

निवृत्त कारकून

थोडा विरोधी सूर लावतो. शहराचं नाव लिहीत नाही. आम्ही दोन वर्षं बाग झाडली, पाणी घातलं, कुंपण बांधलं. तिसऱ्या वर्षी मी सवयीप्रमाणे कागद बघायचं ठरवलं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला आणि बागेच्या देखभालीचा कार्यादेश मागितला. त्यात ठेकेदाराने रोज तीन माळी द्यायचे, असं लिहिलेलं. आम्ही दोन वर्षांत एकच पाहिला होता, तोही आठवड्यातून दोनदा. उरलेल्या दोघांचं काम कोण करत होतं? आम्ही. आमच्या घामावर त्याची बिलं निघत होती.

त्या दिवसापासून मी खुरपं खाली ठेवलं. ग्रुपमध्ये दोन तट पडले. काहीजण म्हणाले, “झाडांचा काय दोष?” बरोबर आहे, पण माझ्या श्रमदानाने ठेकेदाराचे पैसे वाचत असतील तर मला ते दान वाटत नाही. आता मी रोज सकाळी सव्वासातला बाकावर बसतो आणि किती माळी आले ते वहीत लिहितो. तारीख, संख्या, वेळ. महिन्याअखेरीस वहीची झेरॉक्स संबंधितांना देतो. सध्या दोन येतात. ग्रुपमधले लोक म्हणतात, “काका नुसते बसून असतात.”

सुतळी

काका, वहीचा नमुना टाकाल का? आमच्या फलकावर ठेकेदाराचं नाव आहे, माळ्यांची संख्या नाही. उद्याच अर्ज लिहायला घेतो. आणि छिन्नी, तो ‘गुडुक’ वाचून अंगावर काटा आला.

पण मूळ प्रश्न राहिलाच. चावीचं कुणी काही लिहिलं नाही.

सदाफुली

लिहिते. आमच्याकडेही हेच होतं. वॉचमनकडे चावी म्हणजे वॉचमनची मर्जी, सेक्रेटरींकडे म्हणजे ते गावाला गेले की संपलं. ग्रुपमधल्या सगळ्यांना एकेक करून दिली, तर तीन हरवल्या. शेवटी विचार केला की बागेजवळ वर्षातले तीनशे दिवस सकाळी सहा ते रात्री नऊ हजर कोण असतं? आमचा इस्त्रीवाला. गेली पाच वर्षं चावी त्याच्याकडे आहे, कोळशाच्या डब्याच्या मागच्या खिळ्याला. तो व्हॉल्व्ह उघडतो, बंद करतो, पाइप गुंडाळून ठेवतो. आम्ही कुणी आलो नाही तरी मेमध्ये संध्याकाळी पाणी घालतो. आम्ही त्याला पैसे देऊ केले होते, त्याने घेतले नाहीत. गाडीवर सावली राहू दे, एवढंच म्हणाला.

सुतळी

वाफा किती खोल खणून दुसरीकडे हलवता येतो, कुणाला माहीत आहे का? शेवंती आणि झेंडू आहेत, साधारण आठ फूट बाय चार. या रविवारी करायचंय.