मदत हवी आहे: पामुक्काले-हिएरापोलिसचा प्लॅन कोलमडलाय, दोनच दिवस हातात आहेत, आईला घेऊन काय करू?

नमस्कार मंडळी, घाईत टाईप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. रात्रीचे साडेअकरा झालेत, इझमीरच्या हॉटेलात आहे, आई झोपलीय आणि उद्या सकाळी निघायच्या आत मला ठरवायचंय.

आमचा प्लॅन साधा होता. इस्तंबूलहून विमानाने देनिझली, एक अख्खा दिवस पामुक्काले (गरम पाण्याच्या चुन्याने बनलेला तुर्कस्तानातला पांढरा डोंगर) आणि त्याच्या माथ्यावरचं जुनं शहर हिएरापोलिस, दुसऱ्या दिवशी गाडी करून आफ्रोदिसियास, मग सेल्चुक गावाला जाऊन इफेसस, ही दोन्हीही जुन्या शहरांचे अवशेष, आणि शेवटी इझमीरहून परत. पण धुक्यामुळे विमान रद्द झालं, बारा तास विमानतळावर गेले, मग दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं ते देनिझलीचं नाहीच, थेट इझमीरचं, तेही संध्याकाळचं. तिकडच्या हॉटेलने आम्ही आलो नाही म्हणून पहिल्या रात्रीचे पैसे कापले, आफ्रोदिसियासला नेणाऱ्या ड्रायव्हरने दुसरं गिऱ्हाईक घेतलं. आज मंगळवार, शुक्रवारी पहाटे परतीचं विमान. म्हणजे बुधवार आणि गुरुवार, बस्स.

आई ६८ वर्षांची आहे, उजवा गुडघा दुखतो, बीपीची गोळी चालू आहे. ३० वर्षं तिने शाळेत केमिस्ट्री शिकवली. जमिनीखालून गरम पाणी विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट घेऊन वर येतं, हवा लागली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि खाली कॅल्शियम कार्बोनेट उरतं, हे समीकरण तिने फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल देव जाणे. तो अख्खा पांढरा डोंगर त्याच समीकरणाने बनलाय, आणि त्यावर एकदा पाय ठेवायचा एवढंच तिचं मागणं आहे. ट्रिपमधलं बाकी सगळं मी माझ्या हौसेने घातलेलं.

माझा जीव आफ्रोदिसियासमध्ये अडकलाय हेही खरं. १९५८ साली आरा ग्युलर हा फोटोग्राफर एका धरणाचे फोटो काढून परतताना रस्ता चुकला आणि आफ्रोदिसियासच्या अवशेषांवरच वसलेल्या गेयरे गावात पोचला, तिथे बघतो तर लोक जुन्या खांबांच्या संगमरवरी माथ्यांवर पत्ते खेळत बसलेले. त्याच्या फोटोंमुळे जगाचं लक्ष गेलं, १९६१ पासून पुरातत्त्वज्ञ केनान एरिम यांनी खोदकाम सुरू केलं आणि १९९० मध्ये गेल्यावर त्यांना तिथेच पुरलं. हे वाचल्यापासून मला ती जागा बघायचीय, तिथलं स्टेडियम बघायचंय. पण देनिझलीहून जाऊन येऊन २०० किमी पडतं.

तर प्रश्न असे. आफ्रोदिसियास सोडून द्यावं का? इफेसस उद्या उरकून गुरुवारी पामुक्कालेला धावती भेट जमेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पांढऱ्या उतारावर चपला काढून चालावं लागतं म्हणतात, गुडघ्याला ते झेपेल का? कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज लिहा.

---

ताई, आधी शांत झोपा. मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेलोय, जमतं.

धावती भेट अजिबात नको. उद्या पहिल्या बसने देनिझली गाठा, साडेतीन-चार तास लागतात. ट्रेनला जास्त लागतात पण आईंना मधे उठून पाय मोकळे करता येतील, सीट मिळत असेल तर तीही वाईट नाही. देनिझलीच्या ओतोगारला (बसस्टँडला) खालच्या मजल्यावर पामुक्कालेचे दोल्मुश (शेअर मिनीबस) लागतात, २० किमी आहे. रात्र पामुक्काले गावातच काढा.

आता गेटचं नीट वाचा. गावातल्या खालच्या गेटने गेलात तर तो अख्खा चढ अनवाणी चढावा लागतो, ते आईंना नको. उत्तरेच्या गेटने आत शिरलात की आधी लांबलचक दफनभूमी, बघण्यासारखी आहे पण चाल खूप. टॅक्सी करून दक्षिण गेटला उतरा, तिथून पुरातन कुंड आणि म्युझियम जवळ पडतं. आत बॅटरीच्या गाड्याही भाड्याने मिळतात. पांढऱ्या भागाच्या वरच्या टोकाला कडेने गरम पाण्याचा पाट वाहतो, त्यात पाय सोडून बसता येतं, चढ-उतार काही नाही. थोडं चालायचं असेल तर वरूनच चार पावलं आत जा आणि परत या. पृष्ठभाग खरबरीत आहे, लाटांसारखा, तळव्यांना टोचतो. पाणी वाहतंय तिथे शेवाळ नसेल असं बघून पाय टाका. चपला ठेवायला पिशवी न्या.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे निराशा होणार नाही. फोटोत दिसतात तशी सगळी कुंडं भरलेली नसतात. पूर्वी वर अवशेषांवरच हॉटेलं बांधली होती, ती पाणी ओढून घ्यायची आणि डोंगर काळवंडत चालला होता. १९८८ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं, नंतर हॉटेलं पाडली, आणि आता पाणी आळीपाळीने वेगवेगळ्या भागात सोडतात. बराच भाग कोरडा दिसेल. आईंना कारण माहीत असेल तर त्या रुसणार नाहीत :)

---

वरच्यांशी सहमत. इफेससही सोडा, उतार, गुळगुळीत संगमरवर आणि गर्दी, गुडघ्याला ते पामुक्कालेपेक्षा जड जाईल.

केमिस्ट्रीच्या बाई असतील तर हिएरापोलिसमधलं प्लुटोनियन नावाचं जुनं गुहेसारखं देवस्थान चुकवू नका. पाताळाचं दार मानायचे त्याला. भेगेतून कार्बन डायऑक्साइड येतो, हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत साचतो. स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने लिहिलंय की त्याने आत चिमण्या सोडल्या आणि त्या लगेच मेल्या. पुजारी मात्र आत जाऊन जिवंत बाहेर यायचे, लोकांना चमत्कार वाटायचा. बाईंना डोकं जमिनीपासून किती उंच होतं एवढंच विचारा, उत्तर त्याच देतील.

पुरातन कुंडात पाण्याखाली खरे संगमरवरी खांब पडलेत, भूकंपात कोसळलेले. पाणी साधारण ३६ अंश. उतरायचं तिकीट वेगळं, आणि त्या दिवशी उतरू देतायत का ते गेटवरच विचारा. बीपी आहे तर जास्त वेळ बसू नका. जवळच्या काराहायित गावातलं लोहामुळे लाल झालेलं पाणी याहून बरंच गरम असतं, तिथे फक्त बघून या.

आणि विमान कंपनीकडून उड्डाण रद्द झाल्याचं लेखी घ्या, मेसेजवर विसंबू नका. ट्रॅव्हल इन्शुरन्स असेल तर हॉटेलच्या कापलेल्या पैशांसाठी तोच कागद मागतात.

---

अपडेट, बुधवार रात्र. सगळ्यांचे खूप खूप आभार, अगदी मनापासून.

बसने आलो, दीड वाजता दक्षिण गेटला होतो. थिएटरच्या पायऱ्या आई चढली नाही, मी वर जाऊन फोटो काढून आणले, तोवर ती पाटावर बसली होती. मी परत आले तर पाण्यात हात घालून काठाचा मऊ पांढरा थर बोटाने चाचपत होती, मला म्हणाली हा अजून जेलीसारखा आहे, घट्ट व्हायचाय. मग स्वतःच उठली आणि माझा हात धरून आत साताठ पावलं चालली. नोव्हेंबरचा वारा गार होता, पाण्यातले पाय तेवढे उबदार. सहाच्या आत अंधार पडला तरी उठायला तयार नव्हती. प्लुटोनियनचं उत्तर तिने प्रश्न पूर्ण व्हायच्या आत दिलं.

आफ्रोदिसियास राहिलं याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

आता शेवटचा प्रश्न. उद्या दुपारी इझमीरला परत निघायचंय, सकाळचे तीनेक तास मोकळे आहेत. आई म्हणतेय पुन्हा पाटावरच जाऊ. मला लाओदिकेया या जुन्या शहराचे अवशेष बघायचेत, वाटेतच आहे आणि तिथल्या जुन्या मातीच्या नळांत आतून असाच चुना साचून भोक अरुंद झालेलं दिसतं म्हणे, म्हणजे तिच्याच विषयातलं. तिथे गेटपासून नळांपर्यंत चाल किती आहे? सावली, बसायला जागा आहे का? कुणी जागं असेल तर सांगा, टॅक्सीवाल्याला सकाळी आठला कळवायचंय.