मुंबईत कुठे फिरलात, कुठे बसलात?

धागा काढायचं कारण माझा भाचा. दिवाळीनंतर तो आणि त्याचे दोन मित्र रत्नागिरीहून चार दिवस मुंबईला जाणार आहेत. तिघंही सत्ताविशीचे, नुकते कमवायला लागलेले. त्यांनी केलेली यादी पाहिली. गेटवे, मरिन ड्राइव्ह, सिद्धिविनायक, आणि लोअर परळचा एक पब, जिथल्या दोन बिअरच्या पैशात आमच्याकडे चौघांचं मासळीचं जेवण होतं. मला वाईट वाटलं. कोकणातल्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईत राबलंय, आणि तरी आपण त्या शहरात परक्यासारखे फिरतो. तेव्हा लिहा. वर आपल्या गावाचं नाव टाका, आणि स्वतः गेला असाल तेच लिहा. कसं गेलात, काय पाहिलंत, संध्याकाळी खिसा सांभाळून कुठे बसलात.

सुरुवात मी करतो. वाळकेश्वरला बेस्टने जायचं, साध्या बसचं कमीत कमी तिकीट १० रुपये. गल्लीतून पायऱ्या उतरलं की समोर बाणगंगा. समुद्र हाकेच्या अंतरावर, खडकांवर लाटा फुटतात, आणि या तळ्यातलं पाणी मात्र गोडं. रामाने बाण मारून काढलेलं पाणी ही कथा. आत्ताचा तलाव आणि देऊळ १७१५ च्या सुमारास रामा कामतींनी बांधून घेतलं. मी गेलो तेव्हा एक आजोबा खालच्या पायरीवर बसून तांब्याची भांडी चिंचेने घासत होते. पायऱ्यांवर बदकं, काठाला दीपमाळा, आणि मान वर केली की मलबार हिलचे उंच टॉवर. अर्धा तास बसलो होतो, कुणी ऊठ म्हटलं नाही.

संध्याकाळी गिरगावात एका परमिट रूममध्ये गेलो. वाढप्याने विचारलं, "खंयसून इलास?" रत्नागिरी म्हटल्यावर हसला. तो कुडाळकडचा. म्हणाला, "एसीत बसू नकात, तीच बाटली थंय महाग पडता." बाहेर पंख्याखाली बसलो. क्वार्टर, चकण्याला उकडलेले चणे, वर बारीक चिरलेला कांदा आणि लिंबू. शेवटी तळलेला बोंबील. तो कुरकुरीत नव्हता, पण गरम होता.

मालवण

शिवडीचे फ्लेमिंगो बघा. नोव्हेंबर ते मे. हार्बर लाइनने शिवडी, पूर्वेला उतरून जेट्टीपर्यंत वीसेक मिनिटं चालत. मुंबईचे माझे मित्र दोनदा जाऊन हात हलवत परत आले, कारण ते सुट्टी बघून गेले, पाणी बघून नाही. पक्षी चिखलात चरतात. पूर्ण ओहोटीला चिखल लांबपर्यंत उघडा पडतो आणि ते लांब जातात. पूर्ण भरतीला चिखलच बुडतो. आपल्या बापजाद्यांचा हिशेब इथे कामाला आला. तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. त्या दिवशी चतुर्थी होती, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. मी साडेबाराला जाऊन उभा राहिलो. पाणी चढायला लागलं तशी गुलाबी रांग आमच्याकडे सरकत आली, इतकी जवळ की चोची चिखलात घुसळल्याचा आवाज ऐकू येत होता. जेट्टीवरच्या एका खलाशाने मला विचारलं, "तुला वेळ कोणी सांगितली?"

जेट्टीजवळच शिवडीचा किल्ला आहे. लहान आहे, पण वरून खाडी आणि अटल सेतू दोन्ही दिसतात.

चिपळूण

बायकांनी कुठे बसावं हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. मी आणि माझी धाकटी नणंद कुलाब्याच्या कॅफे माँडेगारला गेलो, दुपारी तीनला. मुद्दाम दुपारी. गर्दी नसते, रस्त्याकडचं टेबल मिळतं, आणि उजेडात घरी परतता येतं. भिंतीभर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं, टेबलाटेबलावरची माणसं एकमेकांकडे तिरक्या डोळ्यांनी बघतायत. नणंदेने आयुष्यात पहिल्यांदा बिअरचा घोट घेतला आणि चिंचेचं पाणी प्याल्यासारखं तोंड केलं. अगदी स्वस्त नाही, पण दोघींत एक पिचर घेतला तर परवडतं. सगळ्यांत मोठी गोष्ट, आमच्याकडे कुणी वळून बघितलं नाही. वाढणारा मुलगाही अदबीने वागला. तेवढ्यासाठी मी शंभर रुपये जास्त देईन.

भाच्याला एक सांगा. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ वर्षं आणि कडक दारूला २५ वर्षं पुरी लागतात. सत्तावीस असला तरी चेहरा कोवळा असेल तर आधार कार्ड जवळ ठेवा.

देवगड

मी पीत नाही. निवृत्त शिक्षक आहे. पण फिरण्याबद्दल लिहितो.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बघाच. १८७२ साली या इमारतीत सुरू झालेलं, शहरातलं सगळ्यात जुनं. बुधवारी बंद. आत जुन्या मुंबईचे मातीतून घडवलेले देखावे आहेत, पगड्यांचे प्रकार आहेत. पण माझा जीव अडकला तो बाहेर, दगडी हत्तीपाशी. हा घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे १९१४ साली ते तुकडे जोडून उभा केला. जवळ जाऊन बघा, सांधे दिसतात. त्या सांध्यांवरून मी हात फिरवला. माझ्यासोबत नातू होता, तो म्हणाला, "आजोबा, याला दुखलं असेल." घारापुरीला होडीने जाणारे हजारो लोक आहेत, पण ज्याच्यावरून बेटाला नाव पडलं तो इथे भायखळ्याला उभा आहे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. काळ्या घोड्याचा पुतळाही तिथेच राणीच्या बागेच्या आवारात आहे, १९६५ साली फोर्टमधून हलवलेला.

दापोली

आमचं उलटंच झालं. तिघे मित्र, रजा जुळवून गेलो आणि पहिला दिवस २ ऑक्टोबर. ड्राय डे. बार बंद, वाइन शॉप बंद. कॅलेंडर भिंतीवर होतं, पण कुणी बघितलं नाही. मग गावदेवीला मणिभवनात गेलो. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की तिथे राहायचे. वरच्या मजल्यावर त्यांची खोली आहे, चरखा, बैठक, खाली टेकून लिहायचं मेज. त्या दिवशी तिथे शाळेची मुलं ओळीने बसून सूत कातत होती. आम्ही मागे उभे राहिलो ते तासभर. मला अजूनही त्या सहलीतला तोच दिवस आठवतो. तरी जायच्या आधी ड्राय डे तपासा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी.

अलिबाग

आम्हाला तर मांडव्याहून तासाभरात गेटवे. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट. ताजच्या मागच्या गल्लीत गोकुळ बार आहे. कॉलेजची पोरं, गोदीतले लोक, परदेशी पाहुणे, सगळे एका दालनात. त्या भागात एवढ्या दरात दुसरीकडे मिळणार नाही. शेवटच्या बोटीची वेळ आधी विचारून ठेवा आणि एक तास हातात ठेवून उठा. पाय हलत असताना धक्क्यावरून बोटीत चढू नये, हे मी समुद्रकाठचा माणूस म्हणून कळकळीने सांगतो.

गुहागर

खोताची वाडी, गिरगाव. लाकडी जिने, कौलं, दारात क्रूस आणि तुळससुद्धा. नावात खोत आहे ते दादोबा वामन खोत यांच्यामुळे. लोक राहतात तिथे, म्हणून हळू बोला, खिडकीत कॅमेरा घालू नका.

सावंतवाडी

बिलाबद्दल सावध करतो. एका मोठ्या मॉलमधल्या पबमध्ये (नाव लिहीत नाही) आम्ही पाणी मागितलं, त्यांनी न विचारता बाटलीबंद फोडलं, आणि बिलात वर सेवाशुल्क. ते ऐच्छिक असतं, काढा म्हणायचा आपल्याला हक्क आहे. मी म्हटलं, काढलं. आवाज न चढवता म्हणा. आणि परमिट रूमला परमिट का म्हणतात हेही पोरांना कळू द्या. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याला परवाना लागतो, आजही. एक दिवसाचा ५ रुपयांना, आजन्म १००० रुपयांना.

राजापूर

राहायचं कुठे हे कुणी लिहिलं नाही. लॉजवर पैसे घालवू नका. आधी गावात विचारा, तुमच्या वाडीच्या मंडळाची खोली लालबाग-परळला आहे का. आमची आहे. माझे वडील गिरणीत असताना त्याच खोलीत झोपायचे, पाळीपाळीने, एका वळकटीवर दोघं. आता चारजण कायमचे आहेत, बाकी जाणारे-येणारे. भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो, खिळ्याला पिशव्या, दाराच्या चौकटीवर किल्ली. नियम एकच. पिऊन आलात तर गप्प झोपायचं, जिन्यात आवाज नाही, कारण शेजारी पहाटेच्या पाळीला जाणारी माणसं असतात.

मागच्या वेळी मी रात्री अकराला हळूच शिरलो. तिथल्या थोरल्या काकांनी अंधारातच विचारलं, "जेवलास काय?" आणि झाकून ठेवलेली पेज पुढे सरकवली. भाच्याला सांगा, खोलीवर जाताना फणसपोळी आणि थोडी सुकी मासळी घेऊन जा. भाडं कुणी घेत नाही तिथे.