मदत हवी आहे: स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांचा निर्णय घेताना डॉक्टरांना काय आणि कसे विचारावे?

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला राहते. वय ६१, बँकेतून निवृत्त. गेल्या महिन्यात डाव्या स्तनात गाठ हाताला लागली आणि मॅमोग्राफी, सोनोग्राफी व बायोप्सी होऊन कर्करोगाचे निदान झाले. इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा (दूधनलिकांत सुरू होऊन आजूबाजूच्या भागात शिरलेला कर्करोग), ग्रेड २. गाठ साधारण ३ सेंटिमीटरची असून काखेतील एक ग्रंथीही संशयास्पद दिसते आहे. ईआर आणि पीआर (गाठीच्या पेशींमधील संप्रेरक-ग्राहक) पॉझिटिव्ह आहेत, परंतु हर-२ (पेशींची वाढ वेगाने घडवणारे प्रथिन) च्या पुढे '२+' असे लिहिले आहे. म्हणजे या तपासणीतून होय किंवा नाही असा निष्कर्ष निघत नाही आणि त्यासाठी 'फिश' ही वेगळी चाचणी करावी लागते. तिचा नमुना लॅबने पाठवला आहे, रिपोर्ट यायचा आहे.

अडचण अशी की, सर्जननी संपूर्ण स्तन काढण्याची शस्त्रक्रिया सुचवून पुढच्याच आठवड्याची तारीख दिली आहे, आणि फिशचा रिपोर्ट तोपर्यंत येईलच असे नाही. मी जे वाचले आणि ओळखीच्या एका डॉक्टरांकडून समजून घेतले, त्यानुसार हर-२ पॉझिटिव्ह असेल आणि गाठ २ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काखेत प्रसार झालेला असेल, तर बहुधा आधी ट्रॅस्टुझुमॅबसह (हर-२ वर नेमका मारा करणारे औषध) केमोथेरपी देऊन नंतर शस्त्रक्रिया करतात. त्यामुळे गाठ लहान होऊ शकते. शिवाय औषधाला ती किती दाद देते हे प्रत्यक्ष कळते आणि शस्त्रक्रियेत काही अवशेष सापडले तर पुढचे औषध बदलता येते. आधी गाठच काढून टाकली तर हे कळण्याचा मार्ग उरत नाही. उलट हर-२ निगेटिव्ह असेल तर माझ्यासारख्या रुग्णाची आधी शस्त्रक्रिया करणे अनेकदा योग्यच असते. तेव्हा उपचारांचा क्रमच त्या रिपोर्टवर अवलंबून असताना काही दिवस थांबण्याने नुकसान होईल का, एवढेच मला सर्जनना विचारायचे होते. मी प्रश्न मला समजला तसा विचारला, पण डॉक्टरांनी खुर्ची माझ्या मुलाकडे वळवली, लेटरहेडच्या मागे आकृती काढून सगळे त्याला समजावले आणि "आईंना टेन्शन देऊ नका" असे सांगितले. मुलाचा हेतू चांगला आहे, सूनही रात्रंदिवस माझ्यासाठी धावते आहे. परंतु शरीर माझे आहे आणि मला सगळे ऐकायचे आहे.

दुसरा प्रश्न स्तन वाचवण्याचा. फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन घेणाऱ्या आणि संपूर्ण स्तन काढणाऱ्या स्त्रियांचे आयुर्मान सारखेच राहते, हे अमेरिका आणि इटलीतील चाचण्यांच्या २० वर्षांच्या निष्कर्षांतून २००२ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. त्याच स्तनात गाठ पुन्हा उद्भवण्याची शक्यता थोडी अधिक असते, हेही मला ठाऊक आहे. गाठीची जागा किंवा अन्य कारणामुळे माझ्या बाबतीत हा पर्याय योग्य नसेल तर मी तो सोडून देईन, पण कारण मला सांगितले गेले पाहिजे. "या वयात आता काय करायचे आहे" हे नातेवाइकांचे म्हणणे मला कारण म्हणून मान्य नाही.

संमतीपत्राचा कागद सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून आधीच हातात आला आहे. संमती देण्याआधी रुग्णाला उपचाराचे स्वरूप, उपलब्ध पर्याय आणि धोके सांगितले गेले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे. मला वाद घालायचा नाही. याच डॉक्टरांकडे उपचार घ्यायचे ठरले तर संबंध सलोख्याचेच राहायला हवेत, म्हणूनच कसे बोलावे ते विचारते आहे.

ज्यांनी स्वतः किंवा घरातल्या कोणासाठी हे केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलण्याची विनंती तुम्ही कोणत्या शब्दांत केलीत? सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून विचार करतात त्या ट्यूमर बोर्डसमोर माझी केस ठेवा, असे रुग्णाने म्हटलेले चालते का? दुसरे मत घेण्यासाठी बायोप्सीच्या स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉक (ज्यात गाठीचा तुकडा जपलेला असतो) लॅबकडून मागताना अर्ज कोणाच्या नावे द्यावा लागला, आणि परळच्या टाटा मेमोरियलमध्ये त्यांची फेरतपासणी करून घ्यायला किती दिवस गेले? पुण्यातच शांतपणे, रुग्णाशी थेट बोलून दुसरे मत देणारे डॉक्टर माहीत असतील तर नाव कृपया व्यनितून (खासगी निरोपातून) कळवावे.

आणखी एक. पुढच्या भेटीत मुलाला सोबत ठेवूनही संभाषण माझ्याशी व्हावे, यासाठी त्याच्याशी आधी काय बोलून ठेवावे? तो दुखावला जाऊ नये असे मनापासून वाटते. माझे प्रश्न मी वहीत लिहून ठेवले आहेत. त्यांत कोणता राहून गेला असे वाटले तर तोही अवश्य सांगा.