गल्लीतल्या कातालान खानावळीत जेवलात? अनुभव सांगा

स्पेनमधल्या कातालोनिया प्रांताची राजधानी बार्सिलोना, तिथल्या ग्रासिया भागात मी दोन वर्षं राहिले. हे शहर मला आवडायला लागलं ते गल्लीतल्या खानावळीत दुपारचं जेवू लागले तेव्हा. ‘मेनू देल दिया’ म्हणजे पहिली डिश, दुसरी डिश, पाव, पाणी नाहीतर वाइन, शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं ठरलेल्या दरात. तुम्ही कुठे जेवलात? काय आवडलं?

—

आईला घेऊन गेलो होतो. टेबलावर भाजलेला पाव, लसूण, अख्खे टोमॅटो आणि तेलाची बाटली आली. आपलं आपण करायचं. आधी लसूण घासायची, मग अर्धा टोमॅटो दाबून चोळायचा, वर मीठ आणि तेल. या ‘पा आम्ब तुमाकेट’साठी जाड सालीचे, रसाळ टोमॅटो लागतात. ते दोऱ्यात ओवून टांगले की हिवाळाभर टिकतात. आईने स्वयंपाकघराच्या दारावरची माळ पाहिली आणि म्हणाली, “आपल्या कांद्याच्या वेणीसारखंच की!” नंतर ‘एस्कालिवादा’ आला, म्हणजे भाजलेलं वांगं आणि ढोबळी मिरची, ठेचलेलं नाही, लांब पट्ट्या करून तेलात. भरीत खाणाऱ्याला तो लगेच ओळखीचा वाटतो. शाकाहाऱ्यांनी मात्र सांभाळा, त्यावर अँकोव्ही मासा असू शकतो. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. हॅम आणि मासा दोन्ही नको, असं वेगवेगळं सांगा.

—

बाराला गेलो तर दार बंद. दोनशिवाय तिथे गर्दीच होत नाही.

—

वाल्स गावात फेब्रुवारीत काल्सोत खाल्ले. हे लांब पांढरे कांदे ज्वाळेवर काळे होईतो भाजतात, कागदात गुंडाळून मुरवतात आणि कौलावर वाढतात. साल ओढायची, बदामाच्या चटणीत बुडवायचं, मान वर करून खायचं. हात काळे होतात, होऊ द्या.

—

ऑफिसजवळच्या खानावळीत गुरुवार पाएयाचा, म्हणजे मांस किंवा मासे घालून केलेल्या भाताचा. बार्सिलोनात बऱ्याच ठिकाणी हीच रीत आहे. माझा उपवास नेमका गुरुवारी! तीन आठवडे मी नुसती कॉफी घेतली, तेव्हा मालकीणबाईंनी विचारलं. मोडक्या भाषेत सांगितलं: धान्य नाही, मांस नाही, दूध आणि फळं चालतात. पुढच्या गुरुवारी मी बसायच्या आत टेबलावर ‘मेल इ मातो’ होतं, ताजं मऊ चीज आणि त्यावर मध. मग दर गुरुवारी तेच. शेवटच्या दिवशी त्यांनी पैसे घेतले नाहीत.