विषय: दिवाळीला पाहुणे, डोक्यावर कवेलू

प्रेषक: दारव्ह्याकडचा भाऊ
21 सप्टेंबर

नमस्कार मंडळी,

एरवी मी परदेशातल्या आपल्या मंडळाच्या या मेल-यादीवर गणपतीच्या जेवणाला आमच्याकडून किती डोकी येणार तेवढंच कळवतो. आज जरा मोठं काम आहे.

यंदा दिवाळी गावी करायची ठरली. दारव्हा तालुक्यातलं आमचं जुनं घर. मातीच्या भिंती, सागवानाचे मयाल (तुळया), वर इंग्रजी कवेलू (कौलं), पुढे सपरी (ओसरी) आणि सपरीत बंगई (झोपाळा). मोठी आई तिथे एकटी राहते, वय 81. मी 4 ऑक्टोबरला पोचतो. 17 ला बायको, दोन्ही मुलं आणि लेकीच्या दोन मैत्रिणी येणार. मैत्रिणी इकडच्याच, भारतात पहिल्यांदाच. भाऊबीजेला पुण्याची बहीण आणि तिचे सासू-सासरे. म्हणजे मधल्या तेरा दिवसांत सगळं उरकायचं आहे.

डोक्यात असं आहे: कवेलू उतरवून टिना (पत्रे) टाकायच्या, खालून पीओपी, भिंतींना सिमेंटची छपाई (प्लास्टर) आणि वर ऑइल पेंट, खाली टाइल्स, आणि परसात कमोडचं संडास-बाथरूम. कवेलू नको झालेत ते वानेरांपायी. टोळी एकदा छपरावरून गेली की वीस-पंचवीस फुटलेच समजा. मागच्या पावसाळ्यात मोठ्या आईने घरात चार ठिकाणी गंज (पातेली) मांडून ठेवले होते आणि फोनवर मला म्हणाली, "पाण्याची सोय झाली घरातल्या घरात."

अलीकडे कोणी असं काम करून घेतलंय का? तेरा दिवस पुरावेत ना?

---

प्रेषक: अचलपूरवाली वैनी
21 सप्टेंबर

भाऊ, दिवस पुरतील हो, माणसं कुठून आणाल?

4 ते 17 ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची सोंगणी (कापणी). मिस्त्रीच्या हाताखालच्या बाया सोंगणीला, आणि मिस्त्रीचं स्वतःचं तीन एकर असलं तर तोही तिथेच. सोयाबीन घरात येते न येते तोच कपाशी फुटते. मग सीतादही (वेच्याआधीची वावरातली पूजा) करायची, पहिला वेचा काढायचा. तुम्ही रजा पाहून तारखा ठरवल्या, गाव वावर पाहून ठरवतं. आमच्या सासऱ्यांनी एका वर्षी दसऱ्यात घर काढलं होतं. भिंत अर्धी पाडून मिस्त्री जो गेला तो तुळशीच्या लग्नाला उगवला. अख्खी दिवाळी आम्ही ताडपत्रीआड काढली, आणि लक्ष्मीपूजनाला बोका थेट पूजेत.

आता टिनांबद्दल. आमच्या मागच्या खोलीवर आहेत, अनुभवाचं सांगते. ऑक्टोबरात दुपारी दोन वाजता त्या खोलीत पापड वाळतात, माणूस बसत नाही. आणि वानेर टिनेवर उडी मारतं तेव्हा घरात तोफ डागल्यासारखं होतं. कवेलू फुटतो, पण निदान मुकाट्याने फुटतो. वानेरं तुमच्या घरावर येतात कशी ते आधी पाहा. बहुतेक वेळा चिंचेची नाहीतर शेवग्याची फांदी छपरावर झुकलेली असते, तोच त्यांचा जिना. ती छाटा. कोणी म्हणेल कापडाचा वाघ बसवा. आम्ही बसवला होता. दोन दिवस घाबरली, तिसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर बसून पेरू खाल्ले.

आणि मोठ्या आईला विचारलं का? तिचं घर, अन् विचारून राहिले मंडळाला!

---

प्रेषक: मूर्तिजापूरचे काका
22 सप्टेंबर

वैनींशी सहमत. बांधकाम खात्यात उभी हयात गेली म्हणून थोडं तांत्रिक लिहितो. कंटाळा आला तर पुढची मेल उघडा.

मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नका. पावसाळ्यात ती भिंत जमिनीतून ओल वर ओढते आणि पुढच्या उन्हात दोन्ही अंगांनी सोडून देते. तिचं चाललेलं असतं ते त्यावर. सिमेंटचा पापुद्रा बसला, वर ऑइल पेंट आला, की ओलीला वाट उरत नाही. मग ती आणखी वर चढते, आतली माती मऊ पडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत छपाई सुटते. भिंतीवर बोटाने टकटक करा. पोकळ आवाज आला तर ती सुटलेलीच आहे, फक्त खाली पडायची बाकी आहे.

करायचं काय, तर पांढऱ्या मातीत गव्हांडा (गव्हाचा भुसा) आणि शेण कालवून, चार-पाच दिवस मुरवून, भिंत छाबून (लिंपून) घ्यायची आणि वर कळीच्या चुन्याचे हात. पांढरीच का? आपली काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पाडते. म्हणून तर जुन्या माणसांनी वावराला काळी म्हटलं आणि गावठाणाला पांढरी, आणि घरं पांढरीवर बांधली. वावराला लागून प्लॉट घेऊन बंगले बांधणाऱ्यांच्या भिंती तडकतात आणि शोषखड्डा पाणीच पीत नाही, ते याचमुळे.

चुना लोखंडी ड्रममध्ये भिजवा, प्लॅस्टिकच्या बादलीत नको, तो उकळतो. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलट केलंत तर अंगावर उडेल, आणि डोळ्यात गेला तर डोळा जाईल. आठवडाभर मुरू द्या, कापडातून गाळा, थोडा डिंक घाला. भिंत ओली करून पातळ हात द्या, दोन किंवा तीन. एकच जाड हात दिला तर पोपडे येतील. जुना डिस्टेंपर असेल तो पूर्ण खरवडा, त्याच्यावर चुना धरत नाही.

मयालाचं भिंतीत गेलेलं टोक स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. सागाच्या गाभ्याला उधई सहसा लागत नाही, पण टोकाला ओल मुरली की सागही कुजतो. बंगईच्या कड्या त्याच मयालाला असतील तर पाहुण्यांना झोका देण्याआधी पाहा! आणखी एक: चुलीचा धूर वरच्या लाकडाला लागायचा तोवर त्यात किडे होत नसत. गॅस आला, बायकांचे डोळे वाचले, फाट्यांचा (वाशांचा) भुसा व्हायला लागला. चूल परत पेटवा असं माझं म्हणणं नाही, वर्षाआड तेलाचा हात द्या.

जाता जाता, "इंग्रजी" कवेलूचा इंग्रजाशी तसा संबंध नाही. हे चपटे, खोबणीचे कवेलू बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन माणसाने मंगळुरात 1865 साली कारखाना घालून काढायला सुरुवात केली. आपल्याकडे गोरा दिसला की इंग्रज, त्यातली गत.

---

प्रेषक: दर्यापूरची माहेरवाशीण
22 सप्टेंबर

याच मेलवर विचारते, चकलीची भाजणी कोणाकडे जास्तीची आहे का? एक किलो हवी.

---

प्रेषक: यादी सांभाळणारा
22 सप्टेंबर

विषय बदलला की नवीन मेल काढा ही विनंती. शंभरदा सांगून झालं. (भाजणी आमच्याकडे आहे.)

---

प्रेषक: साकोलीची ताई
24 सप्टेंबर

दादा, तुम्ही आठ पाहुण्यांचं टेन्शन घेऊन राहिले जी! आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई (जत्रा) भरते. आमच्या गावच्या मंडईला माहेरच्या घरी चाळीस माणसं असतात. लेकी, जावई, व्याही, व्याह्यांचे पाहुणे. ज्याच्याकडे मंडईला पाहुणा आला नाही त्याचं काहीतरी बिनसलंय असं गाव समजतं. खाली तणीस (धानाचा पेंढा) पसरायची, वर सतरंजी, झालं अंथरूण. तसंही रात्रभर नाटक किंवा दंडार (लोकनाट्य) असते, अर्धे लोक अंथरूण मागतच नाहीत. ते उजाडताना येतात आणि दुसरे उठतात त्या जागी निजतात.

छत कसं आहे हे पाहुण्याने मला आजवर विचारलेलं नाही. विचारतात ते तीनच गोष्टी: रात्री उठलो तर दिवा कुठला, पाणी कोणत्या गुंडातलं, आणि संडास कुठे. तेवढं धड करा. परसात जाणाऱ्या वाटेवर एक बल्ब लावा. आणि मच्छरदाण्या इथून नेऊ नका, यवतमाळला घ्या, बाजेच्या मापाच्या मिळतात.

---

प्रेषक: दारव्ह्याकडचा भाऊ
9 ऑक्टोबर

फोनवरून लिहितोय, चुका पोटात घाला.

वैनी, जिंकलात. पोचल्यावर मोठ्या आईला बेत सांगितला. तिने सगळा ऐकून घेतला, चहा झाला, मग म्हणाली, "कवेलूले हात लावला तर मी पुण्याले जाईन." विषय संपला. तिला काय हवंय विचारलं, तर न्हाणीत धरायला दांडा, पायाला न घसरणारी फरशी, आणि कमोड. गुडघे वाकत नाहीत, पण कमोड मागायला तिला लाज वाटत होती. मी इकडून पीओपीचे नमुने पाठवत होतो!

संडास बांधायलाही लागला नाही. सरकारी योजनेतला परसात उभाच होता, फक्त त्यात छतापर्यंत गोवऱ्या भरलेल्या. गोवऱ्या सपरीत हलवल्या. तालुक्याहून नळफिटिंगवाला एका दिवसासाठी आला, कमोड बसवून, टाकी जोडून गेला. इथे नळ तीन दिवसांआड येतो, म्हणून टाकी मोठी घेतली.

मिस्त्री अर्थातच सोंगणीत. सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन आधीच भिजवलंय, उघडीप मिळाली की सगळे वावरात पळतात. त्यांना काय बोलणार? शेवटी चुलत भाऊ, मी आणि शेजारची आजी असे तिघांनी भिंती छाबल्या. आजीचा हात पाहून काका तुम्हीही टोपी काढाल. न्हाणीजवळच्या एका भिंतीला मागे कोणी सिमेंट लावलं होतं, ते टकटक करताच पोतंभर खाली आलं. आतली माती चिखलासारखी. बंगईच्या मयालाचं टोक मात्र टणक निघालं.

फुटके कवेलू 62 होते. तेवढे परसात रचलेल्या जुन्यांतून बदलले. चिंचेची फांदी तोडायला मोठ्या आईने आधी नाही, मग अर्धी, मग पूर्ण परवानगी दिली.

---

प्रेषक: दारव्ह्याकडचा भाऊ
2 नोव्हेंबर

परत आलो. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी हकीगत.

चुना छान बसला, पण शेवटच्या हातात डिंक कमी पडला असावा. पहिल्याच संध्याकाळी लेकीची मैत्रीण काळा ड्रेस घालून भिंतीला टेकली आणि उठली ती अर्धी पांढरी होऊन. त्यानंतर पोरी घरात टेकेनातच, अंगणात बाजेवर झोपायला लागल्या. फांदी तोडल्यावर वानेरांनी शेजाऱ्यांचं छप्पर धरलं आहे. शेजारी हल्ली माझ्याशी कमी बोलतात.

गोवऱ्यांचा ढीग सपरीत बसायची जागा अडवून होता, म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वावरात रोडग्यांचा (निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा) बेत केला. गोवऱ्यांचा आहार (निखारा) फुलवला, त्यात रोडगे पुरले, वरण शिजवलं, वांग्याची भाजी गंजात. बहिणीचे सासरे, पुण्याचे, जेवायला वेळ लागला म्हणून आधी कुरकुरले. मग राख झाडलेला, तुपात बुडवलेला रोडगा हातात आला आणि चौथ्या रोडग्यापर्यंत गप्प होते. सासूबाईंना मोठ्या आईने "भाजीत सांबार टाकू का?" विचारलं, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. कोथिंबिरीची जुडी दाखवेपर्यंत.

बाकी ताडोब्याचं बुकिंग माझ्या आळसाने हुकलं, त्याऐवजी सेवाग्रामला गेलो. 1936 साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हाच्या त्या कुट्या, माती, बांबू आणि कवेलूच्या. मुलगा म्हणाला, "बाबा, हे तर आपलंच घर आहे, फक्त इथे तिकडच्यापेक्षा सारवण चांगलं आहे." मी त्याला शेजारच्या आजीला हे सांगू नको म्हणालो.

कमोडचं सांगायचं राहिलं. पाहुणे होते तोवर मोठ्या आईने तो वापरलाच नाही, "पाहुण्यांसाठी आहे" म्हणे. आम्ही निघालो त्याच्या तिसऱ्या दिवशी चुलत भावाने फोनवर सांगितलं, "आता वापरून राहिली. तुमच्यासमोर लाजत होती."

कवेलूची फेरणी (उतरवून परत बसवणं) मेमध्ये, रोहिण्या लागायच्या आत. मिस्त्रीला आत्ताच सांगून ठेवलंय. मी मुलांच्या सुट्टीच्या तारखा सांगायला लागलो तर मोठी आई म्हणाली, तारीख मिस्त्री देईल.

---

प्रेषक: दर्यापूरची माहेरवाशीण
3 नोव्हेंबर

भाजणी मिळाली होती, चकल्या मस्त झाल्या. काका, ते चुन्याचं सगळं परत एकदा पाठवाल का? इथे आमच्या गॅरेजला आतून लावून बघावं म्हणते.

---

प्रेषक: मूर्तिजापूरचे काका
3 नोव्हेंबर

ड्रायवॉलला (जिप्सम बोर्डाच्या भिंतीला) चुना लावू नका. फोन करतो.